‘डालडा १३’ नावाची बाई

मैत्रिणींनो, १२ जानेवारीला आपल्या तालुक्याच्या गावी, सिंदखेड राजाला, जिजाऊ जन्मोत्सवाला केवढी गर्दी लोटते ते तुम्हाला सांगायला नको. आपल्या साखरखेर्ड्यातून बायका जातात, मेहकर-चिखलीकडून येतात, पार मराठवाड्यातून येतात. नऊवारी नेसलेल्या मुली, डोक्याला फेटा बांधलेल्या आज्या, कडेवर लेकरू घेतलेल्या सुना. आणि त्या सगळ्यांचे फोटो काढणारे शेकडो हात. कुणाचा मोबाईल, कुणाचा मोठा कॅमेरा. दुसऱ्या दिवशी त्यातला एखादा फोटो पेपरात येतो. त्यातली आजी कोण, कुठल्या गावची, कुणालाच ठाऊक नसतं. तिला कुणी विचारलं होतं का, तेही ठाऊक नसतं.

जन्मोत्सवानंतर तीनच दिवसांनी, १५ जानेवारीला, एका बाईची पुण्यतिथी असते. अनोळखी माणसाचा फोटो काढावा कसा, आणि मुख्य म्हणजे कधी काढू नये, हे ज्यांना पक्कं कळत होतं अशी ही बाई. होमाई व्यारावाला त्यांचं नाव. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. महात्मा गांधी, पंडित नेहरू, सरदार पटेल यांचे कितीतरी फोटो आपण शाळेच्या पुस्तकांत पाहिले असतील. त्यातले काही होमाईंनी काढलेले असतात. पण खाली नाव वाचायची सवय आपल्याला कुठं असते?

होमाईंचा जन्म ९ डिसेंबर १९१३ चा, गुजरातेतल्या नवसारीचा. घर पारशी, पण श्रीमंत पारशांपैकी नव्हे. वडील नाटक कंपनीत. त्या काळी पारशी-उर्दू नाटक कंपन्या गावोगाव फिरत, आणि कंपनीबरोबर नटांची बिऱ्हाडंही फिरत. आपल्याकडं तमाशाच्या फडाचं नाहीतर संगीत नाटक मंडळीचं असायचं, तसंच. आज या गावी, उद्या त्या गावी. अशा फिरतीवर वाढलेल्या मुलीला एक गोष्ट लवकर येते : नव्या माणसांची भीती वाटेनाशी होते. कुणाशी कसं वागायचं, कुठं गप्प बसायचं, हे तिला शिकवावं लागत नाही.

पुढं कुटुंब मुंबईला आलं. पैशाची ओढाताण होती, पण मुलीनं शिकावं ही घरची इच्छा होती. मॅट्रिकच्या वर्गात होमाई एकटीच मुलगी. बाकी सगळी मुलं. तिथून त्या सेंट झेवियर्स कॉलेजात गेल्या, अर्थशास्त्र शिकल्या. मग सर जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकलेचा अभ्यासक्रम पुरा केला. म्हणजे कॅमेरा हातात पक्का बसायच्या आधी त्यांचा डोळा तयार झाला होता. उजेड कुठून येतो, सावली कुठं पडते, माणसाच्या बसण्यात तोल कसा असतो, हे त्यांनी कागदावर पेन्सिलीनं गिरवलेलं होतं. जुन्या पुस्तकांच्या बाजारात त्यांना ‘लाइफ’ या अमेरिकन मासिकाचे अंक मिळत. पानभर फोटो, आणि फोटोंतूनच सांगितलेली गोष्ट. हे असंही करता येतं, हे त्यांना तिथं दिसलं.

कॅमेरा त्यांच्या आयुष्यात आला तो माणेकशा व्यारावाला यांच्यामुळं. १९२६ साली रेल्वे स्टेशनवर दोघांची पहिली भेट झाली. होमाई तेव्हा तेरा वर्षांच्या आतबाहेर. माणेकशा पुढं टाइम्स ऑफ इंडियात हिशेबाचं काम करत आणि फोटोही काढत. त्यांना फोटोचं वेड होतं आणि ते वेड त्यांनी होमाईंना दिलं. कॅमेरा कसा धरायचा, उजेड कसा मोजायचा, अंधाऱ्या खोलीत फिल्म कशी धुवायची, सगळं शिकवलं. आपल्या बायकोला (तेव्हा तर होणाऱ्या बायकोला) आपल्याच धंद्यातलं कसब हातचं न राखता शिकवणारा पुरुष त्या काळात किती दुर्मिळ, याचा विचार करा. आजही फार सापडतात असं नाही. दोघांचं लग्न झालं १९४१ साली. तोवर बारा-पंधरा वर्षांची ओळख झालेली, आणि होमाई तयार छायाचित्रकार झालेल्या.

बाईनं कॅमेरा धरणं आपल्या देशात अगदीच नवं होतं असं मात्र समजू नका. १८९२ साली हैदराबादेत लाला दीनदयाळ यांनी खास पडद्यातल्या बायकांसाठी जनाना स्टुडिओ उघडला होता, आणि तिथं फोटो काढायला बाईच नेमली होती. पण तो सगळा कारभार चार भिंतींच्या आत. गळ्यात कॅमेरा अडकवून रस्त्यावर, गर्दीत, पुरुषांच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, ही गोष्ट वेगळी. ती होमाईंनी केली.

त्यांचे पहिले छापून आलेले फोटो कसले होते माहितेय? बायकांच्या एका मंडळाच्या सहलीचे. डबे उघडून बसलेल्या, हसणाऱ्या, गप्पा मारणाऱ्या बायका. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या दैनिकानं ते छापले आणि एका फोटोला एक रुपया दिला. एक रुपया म्हणजे तेव्हा काही थट्टा नव्हती. पण त्याहून मोठी गोष्ट ही की बायकांची सहल ही पेपरात छापण्यासारखी गोष्ट आहे, असं एका मुलीला वाटलं आणि तिनं ती संपादकाकडून छापून घेतली.

मग ‘इलस्ट्रेटेड वीकली’मध्ये त्यांचे फोटो येऊ लागले. मुंबईतलं रोजचं जगणं हाच विषय. जे. जे.च्या वर्गात काम करणाऱ्या मुली, त्यांच्या सहली, वर्गमैत्रीण रेहाना हिचे वेगवेगळ्या वेशातले फोटो, बोरीबंदरासमोरची रहदारी, आणि दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर शहरातली युद्धाची तयारी. पण गंमत बघा. फोटो काढायच्या होमाई, आणि बरेचदा खाली नाव यायचं माणेकशांचं. होमाई तेव्हा अनोळखी, त्यातून बाई. बाईनं काढलेला फोटो संपादक मनावर घेतील याची खात्री नव्हती. म्हणून नवऱ्याचं नाव. आपल्याकडं सातबाऱ्यावर कुणाचं नाव असतं आणि वावरात कोण राबतं, हे ठाऊक असलेल्या बाईला यात नवल वाटणार नाही.

होमाईंनी मात्र या दुर्लक्षाचाही उपयोग करून घेतला. बाईला कुणी पत्रकार समजतच नव्हतं, तिच्या हातातल्या कॅमेऱ्याला कुणी घाबरत नव्हतं. पुरुष छायाचित्रकार दिसला की मंडळी सावरून बसायची, छाती पुढं काढायची. ही साडीतली बाई कोपऱ्यात उभी असली तर तिच्याकडं लक्षही जायचं नाही. मग माणसं जशी आहेत तशी तिच्या कॅमेऱ्यात येत. पुढं त्यांनी स्वतःच हे सांगून ठेवलं आहे की लोकांनी आपल्याला फारसं गंभीरपणे घेतलं नाही, त्याचा फायदाच झाला.

यात त्यांच्या कॅमेऱ्याचाही थोडा हात होता. त्या काळी त्यांच्याकडं रोलीफ्लेक्स असायचा. हा कॅमेरा चौकोनी डबीसारखा, पुढं एकाखाली एक दोन भिंगं. तो डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरायचा आणि वरून मान खाली घालून काचेत बघायचं. म्हणजे समोरच्या माणसावर डोळे रोखले जात नाहीत. मान खाली घातलेली बाई दिसते, बस्स. आणि पोटाच्या उंचीवरून फोटो निघत असल्यामुळं समोरचा माणूस थोडा वरून नव्हे तर बरोबरीनं, उलट किंचित मोठाच दिसतो. एका फिल्मवर बारा फोटो. बारा संपले की फिल्म बदला. तेव्हा आजच्यासारखं एका मिनिटात पन्नास फोटो काढून त्यातला एक ठेवायचा, असं नव्हतं. बटण दाबण्याआधी विचार करावा लागे. मोठ्या समारंभांना त्या स्पीड ग्राफिक नावाचा जडशीळ कॅमेराही वापरत. त्याचा तर एकेक फोटो म्हणजे एकेक सुटी फिल्म, आणि फ्लॅशचा बल्ब एकदा पेटला की गेला. दरवेळी नवा लावायचा. साडी, पदर, बल्बांची पिशवी, कॅमेऱ्याचं ओझं आणि भोवती धक्काबुक्की. एवढ्यात मोक्याची घडी पकडायची.

रोलीफ्लेक्सचीच गोष्ट निघाली म्हणून सांगते. अमेरिकेत शिकागो शहरात व्हिव्हियन मायर नावाची एक बाई होती. लोकांची मुलं सांभाळणं हा तिचा पोटाचा उद्योग. मुलांना फिरायला नेताना गळ्यात रोलीफ्लेक्स, आणि रस्त्यानं दिसेल त्या माणसाचा फोटो. भिकारी, म्हाताऱ्या, कामावर निघालेल्या बायका, भांडणारी पोरं. लाखावर फोटो काढले, दाखवले जवळजवळ कुणालाच नाहीत. २००७ साली तिच्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा ते लोकांच्या हाती लागले, आणि २००९ साली ती वारली. जगभर नाव झालं ते त्यानंतर. म्हणजे बायकांचं काम पेटीत बंद राहण्याचा रोग आपल्याकडंच आहे असं नाही.

अनोळखी माणसाचा फोटो काढायच्या तशा दोन रीती. एक म्हणजे आधी बोलायचं, ओळख करून घ्यायची, मग कॅमेरा वर करायचा. अमेरिकेतल्या डोरोथिया लँग या प्रसिद्ध छायाचित्रकार बाईंची रीत ती. लहानपणी पोलिओ झाल्यामुळं त्या लंगडत चालत. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचा चांगला चालता स्टुडिओ होता, श्रीमंत घरांतली माणसं फोटो काढून घ्यायला येत. पण १९३०च्या दशकात मंदी आली, खिडकीतून बेकारांचे तांडे दिसू लागले, आणि बाई रस्त्यावर उतरल्या. लोकांशी बोलायच्या, ते काय म्हणाले ते वहीत टिपून ठेवायच्या. पण त्यांचा सगळ्यात गाजलेला फोटो, १९३६ सालचा, कॅलिफोर्नियात वाटाण्याच्या शेतावर मजुरीला आलेल्या आईचा. खांद्यावर डोकं टेकवून पाठमोरी उभी राहिलेली दोन मुलं, कडेला तान्हं बाळ, आणि आईच्या कपाळावरची चिंता. घाईघाईत त्या आईचं नाव विचारायचंच राहिलं. फोटो जगभर गेला. टपाल तिकिटावर आला. आणि बेचाळीस वर्षांनी, १९७८ साली, त्या आईचा पत्ता लागला तेव्हा तिनं तक्रार केली की या फोटोचा मला काडीचा फायदा झाला नाही. तिची तक्रार खोटी म्हणता येईल का? आणि हेही खरं की तो फोटो छापून आल्यावर त्या मजुरांच्या तळावर सरकारनं धान्य पाठवलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फोटोचं हे असं असतं.

होमाईंची रीत दुसरी. त्या फार बोलत नसत. समोरच्याला उभं करणं, इकडं बघा, तिकडं बघा सांगणं त्यांना रुचत नसे. बाजूला थांबायचं, आपण आहोत हे लोक विसरले की काम करायचं. पण न विचारता फोटो काढायचा तर जबाबदारी दुप्पट, हे त्यांनी स्वतःला घालून घेतलं होतं. घास तोंडात असताना, कपडे अस्ताव्यस्त असताना, माणूस ओशाळवाणा दिसेल अशा वेळी फोटो घ्यायचा नाही. घेतला गेलाच तर छापायला द्यायचा नाही. समोर देशाचा पंतप्रधान असो की साधी बाई, नियम तोच.

आता कुणी म्हणेल, रस्त्यावरच्या साध्या बायकांचे फोटो काढून काय मोठं साधलं? त्याचं उत्तर आपल्या गावाच्या इतिहासात आहे. १७२४ साली आपल्या साखरखेर्ड्याजवळ निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची मोठी लढाई झाली. मुबारिझखान पडला, दख्खनवर निजामाची सत्ता बसली. हे पुस्तकांत सापडतं. पण त्या दिवसांत इथल्या बाया पाणी कुठून आणत होत्या, लुगडं कसं नेसत होत्या, सैन्य आलं तेव्हा लेकरं घेऊन कुठं लपल्या, याचा एक कागद नाही, एक चित्र नाही. सेनापतींची नावं उरली, गाव उरलं नाही. होमाईंनी १९३०-४०च्या मुंबईतल्या मुली, त्यांचं हसणं, त्यांचे केस, त्यांची चित्रं काढतानाची एकाग्रता टिपून ठेवली नसती तर तेही असंच पुसलं गेलं असतं. स्वातंत्र्याच्या आधीच्या शहरी मुली एकट्यानं शिकत होत्या, सहलीला जात होत्या, मोकळ्या हसत होत्या, हे आज आपण डोळ्यांनी पाहू शकतो ते त्या एक-एक रुपयाच्या फोटोंमुळं.

१९४२ साली व्यारावाला जोडपं दिल्लीला गेलं. ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यात दोघांनाही काम मिळालं होतं. त्याच साली मुलगा झाला, फारूक. पदरात तान्हं बाळ, नवं शहर, आणि काम असं की केव्हा बोलावणं येईल याचा नेम नाही. होमाई सायकलवरून कॅमेरे लादून दिल्लीभर फिरत. पुढं मोटार घेतली. तिच्या नंबरपाटीवर आलं डीएलडी १३. होमाईंनी हिशेब केला : आपला जन्म १९१३ चा, नवऱ्याची भेट झाली तेव्हा वय तेरा, आता गाडीही तेरा नंबरची. बाकीचे लोक ज्या तेरा आकड्याला घाबरतात तो आपल्याला लाभतो म्हणायचा. आणि डीएलडी म्हणजे डालडा! मग त्यांनी टोपणनाव घेतलं ‘डालडा १३’. आपल्या आईच्या, आजीच्या फळीवर जो डालड्याचा डबा असायचा, त्याचं नाव. नवऱ्याच्या नावाखाली सुरुवात केलेल्या बाईनं स्वतःसाठी निवडलेलं नाव हे असं, हसतखेळत.

दिल्लीत त्यांनी काय काय पाहिलं! जून १९४७ मध्ये फाळणीच्या बाजूनं हात वर करून मत देणारे काँग्रेसचे पुढारी. स्वातंत्र्याच्या पहिल्या दिवसांत लाल किल्ल्यावर चढलेला तिरंगा आणि खाली उसळलेली गर्दी. माउंटबॅटन यांचा निरोप. गांधीजींची अंत्ययात्रा. विमानतळावर बहिणीला, विजयालक्ष्मी पंडितांना, मिठीत घेणारे नेहरू. कबुतर सोडताना हात उंचावलेले नेहरू. १९५६ साली नाथू ला खिंडीतून भारतात आलेले तरुण दलाई लामा. त्यासाठी होमाई थेट सिक्कीमला गेल्या होत्या. १९६१ साली इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ, १९६२ साली जॅकलीन केनेडी. या सगळ्या ठिकाणी पुरुष छायाचित्रकारांच्या घोळक्यात ही एकटी बाई, साडीतली, ताठ उभी.

एक हळहळ मात्र त्यांना जन्मभर लागून राहिली. ३० जानेवारी १९४८ ला त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेला जायला निघाल्या होत्या. वाटेतून नवऱ्यानं परत बोलावलं, उद्या दोघं मिळून जाऊ म्हणून. तो उद्या आला नाही. आपल्यालाही घरून अशा हाका येतात आणि आपण मागं फिरतो. त्यात कुणाचा दोष असतोच असं नाही. पण राहिलेलं काम राहूनच जातं.

बाईमाणूस म्हणून कुणी त्यांना हिणवलं का, त्रास दिला का? होमाईंच्या सांगण्यात तक्रारीचा सूर फारसा नाही. बरोबरच्या छायाचित्रकारांनी मान दिला, जपलं, असंच त्या सांगत. पण एक लक्षात घ्या, त्यांनी आपली वागणूकही तशीच काटेकोर ठेवली होती. वेळेवर जायचं, काम झालं की निघायचं, खायला-प्यायला रेंगाळायचं नाही, कुणाकडून काही घ्यायचं नाही. एकट्या बाईला हे जास्तीचं ओझं वाहावं लागतं, पुरुषाला लागत नाही, हेही तितकंच खरं.

१९६९ साली माणेकशा वारले. चाळीस वर्षांहून जास्त सोबत होती. आणि त्याच सुमाराला होमाईंच्या भोवतीचं जग बदलत चाललं होतं. पुढाऱ्यांभोवती बंदोबस्त वाढला. नवे छायाचित्रकार आले; धक्के मारायचे, ओरडायचे, माणसाच्या अंगावर जायचे. फोटोतल्या माणसाची अब्रू राखायची ही रीत मागं पडली. हे आपलं काम नाही, असं होमाईंना वाटलं. १९७० साली, वय अवघं ५६, त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. त्यानंतर त्या ४२ वर्षं जगल्या. म्हणतात की पुन्हा एकही फोटो त्यांनी काढला नाही.

हा निर्णय बरोबर की चूक? मला विचाराल तर मन दोन्हीकडं ओढतं. एवढं कसब असलेल्या बाईनं ते असं गुंडाळून ठेवायला नको होतं, असं वाटतं. आणिबाणी, बाबू जगजीवनराम यांच्या सभा, इंदिरा गांधींचा पराभव, सगळं पुढंच घडायचं होतं. तिथं त्यांचा डोळा हवा होता. पण दुसरीकडं असंही वाटतं, की जे काम मान खाली घालायला लावेल ते सोडायची ताकद किती जणांत असते? पोटासाठी, नावासाठी आपण किती गोष्टी गिळतो. होमाईंनी गिळलं नाही. त्यांनी किंमतही मोजली. जग त्यांना विसरलं.

पुढं त्या मुलाबरोबर राजस्थानात पिलानीला राहिल्या, तिथं तो शिकवत होता. मग दोघं बडोद्याला आले. १९८९ साली फारूकही कॅन्सरनं गेला. एकुलता एक मुलगा. होमाई तेव्हा पंचाहत्तरीच्या. आता कुणी नव्हतं. अशा वेळी बाई कुणा नातलगाच्या दारात जाऊन बसली असती तरी कुणी नावं ठेवली नसती. पण त्या बडोद्याच्या घरात एकट्या राहिल्या. बाग केली. नळ बिघडला तर स्वतः दुरुस्त केला, घरातली सुतारकामाची डागडुजी स्वतः केली. गाडी स्वतः चालवली. नव्वदी ओलांडल्यावर नॅनो घेतली. तेवीस वर्षं त्या अशा राहिल्या, आणि शेजारच्या कितीतरी जणांना या म्हातारबाईंनी देशाचा जन्म जवळून पाहिलाय याची कल्पना नसेल.

त्यांना पुन्हा उजेडात आणलं तेही एका बाईनंच. दिल्लीच्या अभ्यासक सबीना गडीहोक यांनी १९९८ साली त्यांच्यावर आणि आणखी दोघी छायाचित्रकारांवर माहितीपट केला, आणि मग बडोद्याला जाऊन, तासन् तास बोलून, २००६ साली होमाईंच्या आयुष्यावर आणि फोटोंवर पुस्तक काढलं. जन्मभर दुसऱ्यांकडं पाहिलेल्या बाईकडं अखेर कुणीतरी नीट बसून पाहिलं, तिचं ऐकलं. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या फोटोंचं मोठं प्रदर्शन झालं. फोटोंचा ठेवा त्यांनी अल्काझी फाउंडेशनच्या हवाली केला. २०११ साली पद्मविभूषण मिळालं, वय ९७. आणि १५ जानेवारी २०१२ रोजी बडोद्यात त्या वारल्या.

आता आपल्याकडं वळू. आज प्रत्येकीच्या हातात मोबाईल आहे. होमाईंकडं एका फिल्मवर बारा फोटो असायचे, आपल्याकडं मोजदाद नाही. बाजारात भाजी विकणारी मावशी, लग्नात रडणारी नवरी, अंत्ययात्रेत ऊर बडवणारी आई, सगळ्यांचे फोटो निघतात आणि संध्याकाळपर्यंत दहा व्हॉट्सअॅप ग्रुपांवर पोचतात. विचारतं कोण? ज्या मावशीचा फोटो आपण ‘गावची ओळख’ म्हणून टाकतो, तिला तो दाखवतो तरी का? उद्या आपला असा फोटो कुणी टाकला तर आपण गप्प बसू का? लेकी-सुनांचे फोटो परक्याच्या मोबाईलमध्ये गेल्यावर काय काय होतं, याच्या तक्रारी पोलिस ठाण्यापर्यंत जातात हे आपण वाचतोच. म्हणून फोटो काढायच्या आधी मावशी, काढू का, एवढं विचारायला जीभ झिजत नाही. विचारता आलं नाही, तर निदान होमाईंचा नियम पाळावा : ज्या फोटोत समोरची बाई ओशाळी होईल तो पुढं पाठवायचा नाही. आणि काढल्यावर तिला दाखवावा, तिचं नाव विचारून घ्यावं. निम्म्या वेळा गप्पा तिथूनच सुरू होतात.

दुसरी गोष्ट घरातली. आपल्या ट्रंकेत, कपाटात जुने फोटो असतात. आजीच्या लग्नातला, आत्याच्या शाळेतला, कुठल्याशा जत्रेतला. त्यातल्या पुरुषांची नावं घरात पाठ असतात. बायकांची, विचारून बघा, दुसऱ्या ओळीतली तिसरी बाई कोण हे सांगणारं एखादंच माणूस घरात उरलेलं असतं. तेही किती दिवस? तर या संक्रांतीच्या सुट्टीत सासूबाईंना, आईला, म्हाताऱ्या काकूला जवळ बसवा. फोटो हातात द्या. कोण, कुठली, माहेरचं नाव काय, साल कोणतं, विचारा आणि फोटोच्या मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहून ठेवा. पेनानं लिहू नका, शाई पुढच्या बाजूला उमटते. तास-दोन तासांचं काम आहे. आणि ते फोटो काढणारी कुणी बाई असेल, तर तिचंही नाव खाली लिहायला विसरू नका.